बीजकोशाचा विकार आणि रक्ताचा कागद



पाण्याच्या पाळीबद्दल या पत्रिकेत आजवर पुष्कळ लिहून झाले आहे. बायकांच्या पाळीबद्दल लिहायला मात्र आम्हाला संकोच वाटत आला. तो संकोच या अंकात बाजूला ठेवत आहोत, कारण गट ऑफिसला येणाऱ्या सभासदांच्या बोलण्यात 'पीसीओडी' हा शब्द आता वरचेवर येऊ लागला आहे. कोणाची मुलगी अकरावीला असते, कोणाच्या सुनेला लग्नाला दोन वर्षे झाली तरी दिवस गेलेले नसतात. तालुक्याच्या गावी सोनोग्राफी होते, "बीजकोशात गाठी आहेत" असे सांगितले जाते, आणि मग रक्ततपासणीची भली मोठी यादी हातात पडते. दहा-बारा नावे, बाजूला आकडे, त्यातले काही ठळक छापलेले. कागद घरी येतो आणि घर गप्प होते. पोरीचं लग्न कसं व्हायचं, हा प्रश्न मोठ्याने कोणी विचारत नाही, पण मनात सगळ्यांच्या तोच असतो.

त्या कागदात काय असते आणि काय नसते, कोणत्या तपासणीवर पैसा घालावा आणि कोणत्यावर घालू नये, एवढे समजावून देण्याचा हा प्रयत्न आहे. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा विकार आहे की नाही हे एकटीच्या बळावर सांगेल अशी एकही रक्ततपासणी आज उपलब्ध नाही. आपण ऊस तोडीला आला की नाही हे हातातल्या ब्रिक्स मीटरवर बघतो. पण एका कांडीचा एक थेंब घेऊन तोडीचा निर्णय करणारा शेतकरी आमच्या पाहण्यात नाही. शेंड्याचा ब्रिक्स, बुडख्याचा ब्रिक्स, लागणीची तारीख, उसाची जात, सगळे जमेस धरतो. इथेही तसेच आहे.

नावाचा घोटाळा

या विकाराचे पुस्तकी नाव 'पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम', म्हणजे पीसीओएस. बोलण्यात पीसीओडी म्हणतात. अमेरिकेत शिकागो येथील स्टाइन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी १९३५ साली सात बायकांची हकीकत प्रसिद्ध केली, तेव्हापासून त्याची वैद्यकशास्त्रात नोंद आहे. पाळी येत नाही, मूल होत नाही, काहींच्या अंगावर केस जास्त, आणि बीजकोश मोठे व आत बुडबुड्यांसारखे बारीक फुगे, असे ते वर्णन होते. त्या फुग्यांवरूनच नाव पडले आणि तिथेच घोटाळा झाला. त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला बीजकोशात अनेक लहान पुटिका वाढू लागतात, त्यातली एक पक्व होऊन फुटते व स्त्रीबीज बाहेर पडते. या विकारात त्या अर्ध्यावर अडतात. उगवण झाली, फुटवे आले, पण कांडी धरलीच नाही असा तो प्रकार. त्यामुळे या 'गाठी' कापून काढायच्या नसतात, औषधाने विरघळवायच्या नसतात, आणि त्यांचा कॅन्सरही होत नाही. सोनोग्राफीचा कागद बघून रडणाऱ्या आईला एवढे जरी कोणी नीट सांगितले तरी निम्मा भार हलका होईल.

मुळात बिघाड असतो तो संप्रेरकांचा, म्हणजे हार्मोन्सचा. पुरुषी म्हणून ओळखले जाणारे टेस्टोस्टेरॉन प्रत्येक बाईच्या अंगात थोडे असतेच. या विकारात ते वाढते. त्याच्या जोडीला बहुतेकींच्या अंगात इन्शुलिनचा जोर कमी पडतो, म्हणून शरीर ते अधिकाधिक तयार करते, आणि ते वाढलेले इन्शुलिन बीजकोशाला आणखी टेस्टोस्टेरॉन करायला लावते. असे हे रहाट फिरत राहते. लठ्ठ मुलींत त्रास जास्त दिसतो हे खरे, पण काटकुळ्या मुलींतही हा विकार असतो, हे ध्यानात ठेवावे. मानेच्या मागे काळपट, जाडसर कातडी दिसली की आया मुलींना "मान घासत नाहीस" म्हणून रागावतात. ती घासून निघत नाही. पुष्कळदा तो इन्शुलिनच्या बिघाडाचा शरीराने दिलेला निरोप असतो, आणि तो वाचायला प्रयोगशाळा लागत नाही.

निदान कशावर होते

२००३ साली हॉलंडमधील रॉटरडॅम येथे तज्ज्ञांनी ठरविलेली कसोटी आजही मूळ धरून आहे. तिची सुधारित आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका २०२३ साली निघाली. तीन गोष्टी पाहायच्या: पाळीची अनियमितता, पुरुषी संप्रेरकांचा जोर, मग तो अंगावर दिसो किंवा रक्तात सापडो, आणि बीजकोशातील पुटिकांची संख्या. तीनपैकी दोन जुळल्या आणि तशीच लक्षणे देणारे दुसरे आजार नाहीत अशी खात्री झाली, तर मोठ्या वयाच्या बाईत पीसीओएस म्हणतात.

यातली पहिली गोष्ट भिंतीवरच्या कालनिर्णयावर मोफत तपासता येते. पाळी सुरू होऊन तीन वर्षे झाल्यावर २१ दिवसांच्या आत किंवा ३५ दिवसांच्या पुढे पाळी येणे, किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येणे, याला अनियमित म्हणावे. पण पाळी सुरू झाल्यावर पहिले वर्ष ती वेडीवाकडी येणे हे स्वाभाविकच आहे, आणि त्यापुढची दोन वर्षे ४५ दिवसांपर्यंतचे अंतर चालते. तेरा-चौदा वर्षांच्या पोरीची पाळी दीड महिन्याने आली म्हणून तिला आजारी ठरवू नये. मात्र पहिल्या वर्षानंतर केव्हाही ९० दिवस उलटून गेले, किंवा पंधरा वर्षे पुरी होऊनही पाळी सुरूच झाली नाही, तर डॉक्टरांकडे जाण्यात चालढकल नको.

कसोटी बदलली की आकडा कसा बदलतो याचे एक उदाहरण आपल्या मुंबईतलेच आहे. १५ ते २४ वयाच्या मुलींची पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. रॉटरडॅमच्या कसोटीने शंभरात २२.५ जणींना हा विकार निघाला. त्याच मुलींना दुसऱ्या, पुरुषी संप्रेरकांचा जोर असलाच पाहिजे असे म्हणणाऱ्या कसोटीने मोजले, तर १०.७. मुली त्याच, रक्त तेच. म्हणून "आजकाल पाचातल्या एकीला असतंच" असे जे बोलले जाते, त्यावर आम्ही लगेच मान डोलावणार नाही. २०२३ च्या मार्गदर्शिकेत हे प्रमाण जननक्षम वयाच्या बायकांत शंभरी १० ते १३ असे धरले आहे. तेही थोडेथोडके नाही.

मोकळे आणि बांधलेले

आता रक्ताकडे वळू. पीसीओएससाठी खरी कामाची तपासणी टेस्टोस्टेरॉनची. पण तिच्यातही खोच आहे. चुनखडीच्या जमिनीत स्फुरद भरपूर असले तरी ते चुन्याशी बांधलेले असते, पिकाला मिळते ते 'उपलब्ध' तेवढेच. माती परीक्षणाच्या कागदावर तो शब्द आपण नेहमी वाचतो. टेस्टोस्टेरॉनचेही तसेच. रक्तातले बहुतेक सारे प्रथिनांना बांधलेले असते. मोकळे, काम करणारे, शंभरात एखाद-दोन भाग. बांधून ठेवणारे मुख्य प्रथिन यकृतात तयार होते, त्याचे नाव एस.एच.बी.जी. इन्शुलिन वाढले की हे प्रथिन घटते आणि मोकळा भाग वाढतो. म्हणून एकूण टेस्टोस्टेरॉन 'नॉर्मल' छापून आले तरी विकार नाही असे होत नाही. एकूण टेस्टोस्टेरॉन आणि एस.एच.बी.जी. हे दोन्ही मोजून मोकळ्याचा हिशेब करावा, असे मार्गदर्शिका सांगते.

दुसरी खोच काट्याची. बाईच्या रक्तात हे द्रव्य पुरुषाच्या मानाने दहा-वीस पटीने कमी. प्रयोगशाळांतील नेहमीची यंत्रे इतक्या खालच्या पातळीवर नीट चालत नाहीत. उसाची गाडी तोलणाऱ्या काट्यावर तोळाभर सोने ठेवून वजन विचारण्यासारखे ते आहे. मोकळे टेस्टोस्टेरॉन थेट मोजून देणाऱ्या स्वस्त पद्धतीवर तर भरवसा ठेवूच नये. मास स्पेक्ट्रोमेट्री नावाची पद्धत अधिक अचूक आहे. मोठ्या शहरांतील प्रयोगशाळांत ती असते आणि आपल्याकडची नमुना गोळा करणारी केंद्रे रक्त तिकडे पाठवू शकतात. "कोणत्या पद्धतीने मोजणार?" असे विचारण्याचा हक्क पैसे देणाऱ्याला आहे.

आणखी एक चूक सर्रास होते. पाळी नियमित यावी म्हणून गर्भनिरोधक गोळ्या सुरू असतात आणि त्याच काळात रक्त दिले जाते. या गोळ्या टेस्टोस्टेरॉन खाली आणतात व बांधणारे प्रथिन वाढवतात. आकडा सुंदर येतो आणि फसवतो. या तपासणीपूर्वी गोळ्या किमान तीन महिने बंद असाव्या लागतात, आणि त्या डॉक्टरांना विचारूनच थांबवाव्यात. तसेच केस गळतात म्हणून मुली ज्या गोळ्या खातात त्यांत बायोटिन असते. तेही प्रयोगशाळेच्या यंत्राला चकवते. रक्त देण्याआधी हे सांगावे. हनुवटीवरचे केस पार्लरमध्ये काढून येत असाल तर तेही डॉक्टरांपासून लपवू नये. कारण अंगावर केस स्पष्ट दिसत असतील आणि पाळीही अनियमित असेल, तर दोन खुणा तिथेच जुळतात.

दुसरे आजार वगळण्यासाठी

यादीतली काही नावे पीसीओएस शोधण्यासाठी नसतातच. टी.एस.एच. थायरॉइडसाठी, प्रोलॅक्टिन मेंदूखालच्या पिच्युटरी ग्रंथीसाठी, १७-ओ.एच.पी. हे जन्मजात असणाऱ्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथीच्या दोषासाठी. हे सकाळी लवकर आणि पाळीच्या सुरुवातीच्या दिवसांत द्यावे लागते. पाळी फारच लांबली असेल तर एफ.एस.एच. बघतात, बीजकोश अकाली थकले नाहीत ना, यासाठी. या तपासण्या जरूर कराव्यात, कारण थायरॉइड मंद असेल तर उपाय अगदी निराळा आणि साधा असतो. इथे एक न बोलायची गोष्ट बोलून टाकतो. लग्न झालेल्या बाईची पाळी चुकली असेल तर यादीतील सगळ्यांच्या आधी दिवस गेले आहेत का ते पाहावे. आणि टेस्टोस्टेरॉन फारच वर असेल, आवाज घोगरा होऊन काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले असतील, तर क्वचित असणारी गाठ वगळण्यासाठी तातडीने मोठ्या रुग्णालयात न्यावे.

एल.एच. आणि एफ.एस.एच. यांचे प्रमाण दोनास एक आले म्हणजे पीसीओएस पक्के, असे अजून ऐकू येते. रॉटरडॅमच्या कसोटीत ते नाही. उपाशीपोटीचे इन्शुलिनही तसेच. रोजच्या उपचारात ते मोजू नये असा मार्गदर्शिकेचा सल्ला आहे. पॅकेजात ते स्वस्तात मिळते म्हणून घ्यायचे, हा प्रकार आजार म्हशीला आणि औषध पखालीला असा आहे.

ए.एम.एच.ची नवलाई

सध्या सर्वांत जास्त बोलबाला आहे ए.एम.एच. या तपासणीचा. बीजकोशातील लहान पुटिका हे द्रव्य सोडतात. पुटिका जास्त तर ए.एम.एच. जास्त, असा सरळ हिशेब. २०२३ च्या मार्गदर्शिकेने प्रथमच असे मान्य केले, की मोठ्या वयाच्या बाईत सोनोग्राफीऐवजी ए.एम.एच. वापरता येईल. ही खरोखर सोयीची गोष्ट आहे. जिथे चांगले सोनोग्राफी यंत्र नाही, किंवा अविवाहित मुलीची आतून तपासणी करणे योग्य नाही, तिथे रक्ताने काम भागते.

पण 'ऐवजी' या शब्दावर बोट ठेवावे. दोन्ही करायचे नसते. आणि पाळी अनियमित व पुरुषी संप्रेरकांची लक्षणे उघड असतील तर दोन्हींपैकी एकही लागत नाही. निदान झालेलेच असते. ही तपासणी महाग आहे, म्हणून हे सांगणे आम्हाला भाग आहे. शिवाय सर्व प्रयोगशाळांना लागू पडेल असा तिचा एक ठरलेला आकडा नाही. वयाबरोबर ती उतरते, गोळ्या चालू असताना उतरते, वजन जास्त असले तरी कमी येते. नुसत्या ए.एम.एच.वर निदान करू नये, हे त्याच मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिले आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. पाळी सुरू होऊन आठ वर्षे होईपर्यंत ए.एम.एच. आणि सोनोग्राफी, या दोहोंचा उपयोग या निदानासाठी करायचा नाही. कोवळ्या वयात बीजकोशात पुटिका भरपूर असणे हेच निरोगीपणाचे आहे. म्हणजे बाराव्या वर्षी पाळी आलेल्या मुलीला विसाव्या वर्षापर्यंत 'गाठी दिसतात' एवढ्यावर पीसीओडी म्हणता येत नाही. तिच्या बाबतीत पाळीची अनियमितता आणि पुरुषी संप्रेरके, दोन्ही हवीत. एकच असेल तर 'धोका संभवतो' एवढीच नोंद करून लक्ष ठेवायचे आणि पुढे पुन्हा पाहायचे. दहावी-अकरावीच्या किती मुलींच्या फायलीवर हा शिक्का आज नुसत्या सोनोग्राफीवरून बसला असेल, हा विचार आम्हाला अस्वस्थ करतो. शिक्का बसला की गावात कळते, आणि स्थळ बघताना तोच आधी निघतो.

साखर विसरू नका

साखर कारखान्याच्या पत्रिकेने हे सांगावे हा योगायोगच म्हणायचा, पण पीसीओएस ठरल्यावर ज्या तपासणीचा बाईला आयुष्यभर उपयोग आहे, तीच पुष्कळदा राहून जाते. ती म्हणजे रक्तातील साखर. या बायकांत मधुमेहाचा धोका इतरांपेक्षा बराच जास्त असतो, आणि आपण दक्षिण आशियाई लोक मुळातच त्या बाबतीत कच्चे. नुसती उपाशीपोटीची साखर पुरत नाही. उपाशीपोटी रक्त द्यायचे, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे, दोन तासांनी पुन्हा रक्त द्यायचे. दोन तासांनंतर १४० च्या आत ठीक. १४० ते १९९ म्हणजे उंबरठ्यावर. २०० वा त्यावर मधुमेह. ए.एम.एच.च्या मानाने खर्च अगदी किरकोळ. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एच.बी.ए.१सी. तपासणी सोपी वाटते, पण अंगात रक्त कमी असेल तर ती चकवू शकते, आणि आपल्या भागात किती बायकांचे रक्त भरलेले असते हे सांगायला नको. ही ग्लुकोजची तपासणी धोक्याप्रमाणे दर एक ते तीन वर्षांनी पुन्हा करावी, आणि दिवस राहण्याआधी किंवा राहिल्यावर लवकर तर करावीच. सोबत कोलेस्टेरॉल आणि रक्तदाब पाहून घ्यावा.

पाळी न येणे हे कामाच्या दृष्टीने सोयीचे मानणाऱ्या बायका आहेत. तोडीवर, वाफ्यात, घरात, कुठेच उसंत नसते तिथे त्यांना दोष तरी कसा द्यावा? पण तीन-तीन महिने पाळी आली नाही तर गर्भपिशवीचे अस्तर जाड होत जाते, आणि पुढे त्यातून कॅन्सरचा धोका वाढतो. प्रत्यक्षात तो क्वचितच होतो, पण पाळी ठरावीक अंतराने आणून तो टाळता येतो, त्यासाठी गोळ्या आहेत.

इथे एक कटू विषय काढतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोडणी करणाऱ्या बायकांच्या गर्भपिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे प्रकरण गाजले. डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. त्या वेळच्या पाहणीत ८२ हजारांवर ऊसतोड बायकांपैकी १३ हजारांहून अधिक बायकांची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पोटात दुखते, अंगावरून पांढरे जाते, आणि "काढली नाही तर कॅन्सर होईल" अशी भीती, ही कारणे त्यांच्या तोंडी होती. त्यांनी तोडलेला ऊस आपल्याच कारखान्यांच्या गव्हाणीत पडतो, तेव्हा हा विषय परका म्हणता येत नाही. पीसीओएसचा कागद पुढे करून कोणी गर्भपिशवी काढायला सांगत असेल तर सरळ उठून दुसऱ्या डॉक्टरकडे जावे. बिघाड संप्रेरकांचा आहे. पिशवी काढली तरी तो जागच्या जागी राहतो, साखरेचा धोकाही राहतो, आणि कमी वयात बाई कायमची अडते.

मुलाबाळांबद्दल थोडक्यात. या विकारात बीज वेळेवर सुटत नाही, म्हणून दिवस राहायला उशीर लागतो. पण 'मूल होणार नाही' असा त्याचा अर्थ कोणी काढू नये. बीज पक्व करणाऱ्या गोळ्या आहेत. त्यांत लेट्रोझोलला मार्गदर्शिकेने पहिली पसंती दिली आहे. आणि सुनेला डझनभर तपासण्या करायला लावण्याआधी मुलाची वीर्यतपासणी करावी. ती एकच असते, साधी असते, आणि तिला नेमका घरातल्या कर्त्या माणसांचा विरोध असतो.

दवाखान्यात जाताना मागच्या वर्षभरातील पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून न्याव्यात, चालू गोळ्यांची पाकिटे सोबत ठेवावीत आणि आधीचे रिपोर्ट फेकू नयेत. एकच तपासणी दोन प्रयोगशाळांत केली तर आकडे जुळत नाहीत, म्हणून पुन्हा करायची झाल्यास शक्यतो त्याच ठिकाणी करावी. किशोरवयीन मुलींसाठी आपल्या राज्यात सरकारी रुग्णालयांतून 'मैत्री' नावाची सल्ला केंद्रे चालवली जातात. आधी तिथे विचारावे. मुलीसोबत आईने जावे. वडील गेले तरी काही बिघडत नाही. फक्त डॉक्टर मुलीला प्रश्न विचारत असताना उत्तर मुलीला देऊ द्यावे.